परत येण्याचा पुरावा

पर्यटक व्हिसा म्हणजे परदेशात जायचा परवाना, असा आपला एक गोड समज असतो. खरं तर दूतावासाला आपल्या जाण्यात काडीचा रस नसतो. तुम्ही आयफेल टॉवर बघा, नका बघू, लांब उभं राहून तो चिमटीत धरल्याचा फोटो काढा, त्यांचं काही म्हणणं नाही. त्यांना रात्री झोप लागू न देणारा प्रश्न एकच: हा माणूस परत जाईल ना?

आणि ही शंका घ्यावी कुणाबद्दल, तर मराठी मध्यमवर्गीय माणसाबद्दल! जो प्रवासाच्या तिसऱ्याच दिवशी "घरी गेल्या गेल्या आधी मऊ भात आणि मेतकूट" असं पुटपुटायला लागतो. ज्याच्या पोटासाठी आपल्या सहल कंपन्या आल्प्सच्या पायथ्याशी वरणभात शिजवतात. जो मुलाकडे सांगलीहून पुण्याला आला तरी "घर बंद आहे हो" म्हणत चौथ्या दिवशी पिशवी भरतो. अशा माणसाने युरोपात लपून राहायचं म्हणजे त्याला आधी तिथे कढीपत्ता कुठे मिळतो हे शोधावं लागेल.

पण हे अर्जात लिहायला रकाना नाही.

आमचे दादा-वहिनी गेल्या वर्षी मे महिन्यात स्वित्झर्लंड आणि पॅरिसला जाऊन आले. दादा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर त्याने लोकांकडून कागद मागितले. "अर्जासोबत जोडपत्र 'ब' नाही" हे वाक्य त्याने हजारो वेळा उच्चारलं असेल. त्यामुळे व्हिसासाठी लागणाऱ्या कागदांची यादी पुतण्याने त्याच्या हातात ठेवली तेव्हा तो घाबरला नाही, उलट त्याचे डोळे चमकले. कुणीतरी आपल्या तोडीचं भेटलं, असा तो भाव होता.

हा व्हिसा ज्याच्या नावाने ओळखला जातो ते शेंगेन म्हणजे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं, द्राक्षमळ्यांचं चिमुकलं गाव. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग या तिघांच्या हद्दी तिथे भिडतात. १४ जून १९८५ रोजी पाच देशांच्या प्रतिनिधींनी 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड' नावाच्या बोटीवर बसून करार केला की आपसातल्या हद्दींवरची तपासणी हळूहळू काढून टाकू. प्रत्यक्षात ती उठायला मार्च १९९५ उजाडला. आता या गोतावळ्यात २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमेनिया अगदी परवा, म्हणजे १ जानेवारी २०२५ ला, पूर्णपणे आत आले. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण यात आहे. एक व्हिसा काढला की सगळीकडे मोकळं रान. ऐकायला झकास वाटतं. फक्त भावाभावांनी मधले बांध मोडले तेव्हा त्या सगळ्या बांधांची माती बाहेरच्या कुंपणावर रचली गेली, आणि आपण त्या कुंपणाबाहेर फाईल घेऊन उभे आहोत.

पहिल्या महायुद्धाआधी युरोपात बऱ्याच ठिकाणी पासपोर्टशिवाय हिंडता येई. युद्धात ही पुस्तिका बोकांडी बसली, आणि १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवून तिचा ३२ पानी नमुना ठरवून दिला. परिस्थिती निवळली की हे सगळं रद्द करू, अशी तेव्हा आशा होती म्हणे. परिस्थिती अजून निवळायची आहे.

तर दादा-वहिनींच्या कागदांची सुरुवात फोटोपासून झाली. शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. अमेरिकेला दोन इंच चौरस. सांगलीतल्या फोटो स्टुडिओवाल्याने वहिनींना पाहिल्याबरोबर विचारलं, "मावशी, अमेरिका का युरोप?" पूर्वी तो "पासपोर्ट का लग्नाचा?" असं विचारायचा. वहिनींनी ठेवणीतली पैठणी नेसली होती. फोटोत त्यातला अंगठ्याएवढा काठ आला.

"मावशी, हसू नका."

"मी कुठे हसतेय? चेहराच तसा आहे."

"तोंड मिटा. कान दिसू द्या. टिकली राहू दे. काका, चष्मा काढा, काच चमकते."

दादाने चष्मा काढला आणि त्याला कॅमेरा दिसेनासा झाला, त्यामुळे तो भिंतीकडे बघत राहिला. दोघांचे फोटो आले ते असे, की हे पाहून कुणालाही वाटावं, या दोघांना त्यांच्या देशातून घालवून दिलंय. पर्यटनाला निघालेल्या माणसाने आनंदी दिसू नये हा नियम कुणी केला असेल, देव जाणे.

मग पैसे. गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, त्यावर बँकेचा शिक्का आणि सही. आपल्याकडे खात्यात पैसे पडून राहणं हे उधळपट्टीचं लक्षण मानतात. चार पैसे साठले रे साठले की वहिनी बँकेत जाऊन मुदत ठेव करून येतात. त्यामुळे बचत खात्यात पेन्शन येते आणि जाते, मागे उरतं ते मिक्सर दुरुस्तीपुरतं. व्हिसा अधिकारी बघणार ते बचत खातं. "मोड एखादी ठेव," पुतण्या म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "व्याज बुडेल. स्वित्झर्लंड देणार आहे का?" शिवाय अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम आली की कुणीतरी उसने दिलेत असा संशय येतो, हेही सगळ्या एजंटांना पाठ असतं. शेवटी ठेवींच्या पावत्यांच्या प्रती जोडायचं ठरलं.

पण खरा भूकंप पुढे होता. स्टेटमेंट दूतावासात जायच्या आधी वहिनींनी ते चष्मा लावून वाचलं. दादाला मुलाने मोबाईलवरून पैसे द्यायला शिकवलं त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून खिशात नोट नाही, सगळं स्कॅन करून. आणि सगळं स्टेटमेंटवर.

"हे दहा रुपये काय आहेत?"

"कुठले?"

"अमृततुल्य. रोज. रविवारी दोनदा."

दादा गप्प.

"भडंग साठ. पेढे एकशेवीस. परत पेढे. अहो, तुम्हाला साखर आहे ना? सकाळी फिरायला जातो म्हणून जाता ते हे फिरणं?"

स्विस दूतावासाने या स्टेटमेंटवर कसलीही शंका काढली नाही. जी काढायची ती सांगलीतच काढून झाली होती. दादाचं सकाळचं फिरणं त्या दिवसापासून वहिनींच्या सोबतीने होतं, आणि युरोपचा व्हिसा काढल्याचा त्याच्यावर झालेला हा एकमेव कायमस्वरूपी परिणाम म्हणायचा.

यादीत पुढे: नोकरी करणाऱ्याने कार्यालयाचं रजा मंजुरीचं पत्र जोडावं. निवृत्त माणसाला रजा कोण देणार? दादाने पेन्शनचा आदेश जोडला, आणि तरीही त्याचं समाधान होईना, म्हणून सोसायटीच्या अध्यक्षांकडून "हे आमचे सचिव असून वार्षिक सर्वसाधारण सभेस त्यांची उपस्थिती अनिवार्य आहे" असं पत्र आणलं. पुतण्याने ते गुपचूप काढून ठेवलं. माझं मत विचाराल तर ते पत्र म्हणजे परतण्याचा सगळ्यात बळकट पुरावा होता. टेरेसच्या गळतीचा प्रश्न अर्धवट टाकून कुठलाही सचिव आल्प्समध्ये सुखाने राहू शकणार नाही.

घरदार, जमीन यांचे कागद लावले की मायदेशाशी नाळ आहे हे दिसतं, असं कुणीतरी सांगितलं. दादाने सातबारा काढला. गावाकडची दीड एकर, वर अकरा जणांची नावं, इतर हक्कात सेवा सोसायटीचा बोजा आणि पिकाच्या रकान्यात ऊस. त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, नोटरी केली. ते वाचून त्या अधिकाऱ्याला काय बोध होणार होता कोण जाणे. पण दादाचा युक्तिवाद बिनतोड होता. "ज्याच्या सातबाऱ्यावर चुलतभावाचं नाव आहे तो माणूस देश सोडून राहील का रे? बांध कोरतील ना मागे!"

लग्नाचा दाखला हे वेगळंच प्रकरण. चाळीस वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा गावातल्या पाचशे माणसांनी जेवून खात्री करून घेतली होती, नोंदणी वगैरे कुणाच्या डोक्यातही आली नाही. आता नोंदणीसाठी लग्नपत्रिका शोधली, साक्षीदार गोळा केले. लग्न लावणारे भटजी केव्हाच वैकुंठवासी झालेले, त्यामुळे त्यांच्या सहीऐवजी शपथपत्र. त्यातच वहिनींचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं. अर्जात जन्मावेळचं आडनाव विचारतात, तेवढ्याने भागेल असं त्या साध्या युरोपियनांना वाटतं. आपल्याकडे मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं आणि तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिलंही बदलतं, मग राहतं काय त्या बाईचं, हे कुठल्याही दूतावासाच्या आकलनापलीकडचं आहे. वहिनींनी सगळ्या नावांची एक यादीच जोडायला लावली.

खर्च कोण करणार, या रकान्यात दोन पर्याय: स्वतः किंवा प्रायोजक. पुतण्याने आईच्या अर्जात प्रायोजक म्हणून वडिलांचं नाव टाकलं.

"हे माझे प्रायोजक?" वहिनी म्हणाल्या. "ठेवी कुणाच्या नावावर आहेत? त्यांच्या अर्जात लिही, प्रायोजक बायको."

तसंच लिहिलं.

विमा बघून मात्र दादा खूष झाला. शेंगेनसाठी किमान ३० हजार युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो, आणि प्रवासात माणूस दगावलाच तर पार्थिव मायदेशी आणायचा खर्चही त्यात धरलेला असावा लागतो. "म्हणजे मेलो तरी परत येणार," दादा म्हणाला, "याहून आणखी काय हमी पाहिजे यांना?"

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यालाही नियम आहे. जिथे मुक्काम जास्त तो देश. सारखाच असेल तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तो. नियम सोपा आहे, पण व्यवहारात लोक उलट्या बाजूने चालतात. ज्या देशाची अपॉइंटमेंट मिळते तिथे मुक्काम वाढतो. एकेकाच्या प्रवासाच्या आराखड्यात अचानक कुठल्याशा छोट्या देशात पाच रात्री दिसतात, त्याचं रहस्य निसर्गसौंदर्यात नसतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करायचा असतो. या मधल्या काळात मे महिन्याची अपॉइंटमेंट हवी असणारे सगळे महाराष्ट्रीय लॅपटॉपसमोर बसलेले असतात. आमचा पुतण्या गणपतीची कोकण रेल्वेची तिकिटं काढून काढून तयार झालेला, त्यामुळे त्याच्या बोटांना सवय होती.

पुण्यातल्या व्हिसा केंद्रात फाईल घेणारी मुलगी वीस-बावीसची असावी. दादाने अनुक्रमणिका, पृष्ठक्रमांक आणि रंगीत पताका लावलेली ती फाईल पुढे ठेवली. मुलीने नाडीची गाठ सोडली, हवे तेवढे कागद काढले आणि बाकीचा गठ्ठा परत दिला. सातबारा परत आला. दादाचा चेहरा पडला. मग बोटांचे ठसे. वहिनींचे ठसे उमटेनात. आधारच्या वेळीही असंच झालं होतं. "मॅडम, जरा दाबा." दाबलं. "हात पुसून घ्या." पुसले. चाळीस वर्षं भांडी, खोबरं आणि पोळपाट यांनी जे पुसलंय ते रुमालाने कसं परत येणार? पाचव्या खेपेला यंत्राने हार मानली आणि हिरवा दिवा लावला. शुल्क माणशी ९० युरो, म्हणजे तेव्हाचे साडेआठ हजार रुपयांच्या घरात, आणि वर केंद्राची सेवा फी. व्हिसा मिळो न मिळो, परत नाही.

न मिळणाऱ्यांची कथा वेगळी. दादाचे एक स्नेही, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना नकार आला तो छापील फॉर्मवर, ठरावीक कारणांपैकी एकाच्या चौकटीत फुली मारून: मुदत संपण्यापूर्वी देश सोडून जाण्याच्या तुमच्या हेतूबद्दल रास्त शंका आहे. सर चिडले ते नकाराने नाही. "अरे, पस्तीस वर्षं पेपर तपासले. नापास केला तरी लाल शाईने दोन ओळी लिहिल्या प्रत्येकाला. आणि हे नुसती फुली मारतात?" त्यांनी त्या फॉर्मच्या इंग्रजीतल्या स्वल्पविरामांच्या जागा तपासल्या आणि मग अपील केलं नाही. त्याऐवजी ते नेपाळला गेले. भारतीयाला तिथे व्हिसाच लागत नाही.

आपल्याच गोव्यात मात्र हा प्रश्न काहींच्या आजोबांनी सोडवून ठेवलाय. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेले गोवेकर, त्यांची मुलं आणि नातवंडं यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. जन्माची नोंद लिस्बनला चढवायची. त्यासाठी जुने दाखले, त्यांची पोर्तुगीज स्पेलिंगं, चर्चमधली किंवा नोंदणी कार्यालयातली वहीची पानं हे सगळं धुंडाळण्यात जे आयुष्य जातं ते जातं, पण लाल पासपोर्ट हातात आला की २९ देशांत शेंगेन व्हिसाचं नाव नाही. भारतीय पासपोर्ट मात्र तेव्हा परत करावा लागतो, कारण आपला कायदा दोन घरी जेवू देत नाही. साडेचारशे वर्षांच्या परकीय राजवटीचा असा उपयोग होईल हे त्या राजवटीशी लढणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. आमच्याकडे सांगलीत संस्थानिक होते. पटवर्धनांनी गणपतीचं देऊळ ठेवलं, व्हिसा काही ठेवला नाही.

आणखी एक वर्ग आहे, जर्मनीत मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला जाणाऱ्यांचा. शेंगेनचा हिशेब असा, की कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं. आपल्याकडचं बाळंतपण तीन महिन्यांत आटपत नाही. त्यामुळे म्युनिक-फ्रँकफुर्टकडच्या घरांतून पहिले तीन महिने मुलीची आई आणि पुढचे तीन महिने मुलाची आई अशी खांदेपालट होते. विमानतळावर एक विहीण उतरते, दुसरी चढते. दोघींच्या बाळाला न्हाऊ घालण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी त्यांचा सामना होत नाही. कित्येक संसार या नियमाने वाचवले असतील; ब्रसेल्सला त्याची कल्पना नसावी.

तर दादा-वहिनींचा व्हिसा आला. पॅरिसच्या विमानतळावर दोघं रांगेत उभे राहिले. वहिनींनी फाईल छातीशी धरलेली. व्हिसा केंद्राने परत केलेला गठ्ठाही त्यात पुन्हा ओवलेला, सातबाऱ्यासकट. खिडकीतल्या तरुणाने पासपोर्ट उघडला, एकदा वर बघितलं, शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. एक प्रश्न नाही. वहिनी हलेनात.

"त्याला म्हणावं, फाईल बघ."

"अगं, झालं. चल."

"एवढं केलंय ते कुणीच नाही बघायचं? निदान लग्नाचा दाखला तरी बघ म्हणावं."

मागच्या रांगेतल्या लोकांनी त्यांना पुढे सरकवलं. तो शिक्काही आता इतिहासजमा होतोय. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे यंत्रात नोंदवायला सुरुवात झाली आहे. वहिनी पुन्हा गेल्या तर ते यंत्र काय करेल याची मला काळजी वाटते.

यंदा पुतण्याचं लग्न ठरलं आणि चक्र उलटं फिरलं. त्याचा एक जर्मन सहकारी लग्नाला सांगलीला यायचं म्हणाला. त्याला भारताचा ई-व्हिसा काढायचा होता. आपण युरोपियनांच्या चौकशांना हसतो, पण आपला अर्ज उघडून बघावा एकदा. धर्म कोणता? शिक्षण किती? आईवडिलांची जन्मगावं कोणती? अंगावर दिसणारी ओळखखूण काय? तुमचे आईवडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का? हॅनोव्हरजवळच्या खेड्यातल्या त्या मुलाने आजीला फोन करून विचारलं की काय, माहीत नाही. ओळखखुणेपाशी तो अडला आणि त्याने पुतण्याला फोटो पाठवला. वहिनींनी फोटो मोठा करून त्याच्या डाव्या भुवईवरचा व्रण हुडकला आणि "हे टाक" म्हणून सांगितलं. भारतातल्या संदर्भाचं नाव, पत्ता, फोन लागतो. तिथे दादाचं नाव गेलं. दादाने "मग त्यांनी मला आधी अर्ज पाठवायला हवा" असा आग्रह धरला, पण तो कुणी मनावर घेतला नाही.

शुल्काचा रकाना बघताना पुतण्याला शोध लागला. बहुतेक देशांच्या पर्यटकांना महिन्याभराचा ई-व्हिसा जुलै ते मार्च २५ डॉलरला आणि एप्रिल ते जून १० डॉलरला मिळतो. लग्न मे महिन्यातलं.

"मेमध्ये निम्म्याहून स्वस्त?" वहिनी म्हणाल्या. "म्हणजे ऊन किती असतं ते सरकारलाही ठाऊक आहे तर! त्याला कळव, सूटबूट आणू नको म्हणावं. दोन सुती सदरे आणि एक टोपी."